एका राहुटीत माणसे किती? : हिमप्रवासातील सामायिक निवाऱ्याचा इतिहास

बर्फावर मुक्काम करणाऱ्या तुकडीने एका राहुटीत किती जणांची सोय करावी, हा प्रश्न वरवर केवळ सोयीचा वाटतो. परंतु गेल्या पावणेदोनशे वर्षांच्या हिमप्रवासाचा इतिहास पाहिला, तर त्याचे उत्तर बहुधा दोनच गोष्टींनी ठरवले, असे दिसून येते. राहुटी कोण वाहून नेणार, ही पहिली गोष्ट. आणि तिच्या आत ऊब कोठून येणार, ही दुसरी. जेथे ओझे जनावरांवर किंवा गाड्यांवर लादता आले आणि आत शेगडी पेटवता आली, तेथे दहा-वीस माणसांचे ऐसपैस डेरे उभे राहिले. जेथे प्रत्येक वस्तू माणसाने स्वतः ओढायची किंवा पाठीवर घ्यायची होती आणि इंधन केवळ अन्न शिजवण्यापुरते होते, तेथे राहुटी आखडत गेली आणि माणसांची अंगेच एकमेकांची शेगडी झाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हलके धातू आणि कृत्रिम धागे हाती येईपर्यंत या दोन परंपरा जवळजवळ समांतर चालल्या, आणि प्रशस्त राहुटीची आजची कल्पना या दोहोंच्या मिलाफातून घडली आहे.

पहिल्या परंपरेचे मूळ उत्तर ध्रुववृत्ताच्या आसपास राहणाऱ्या लोकांकडे जाते. उत्तर स्कँडिनेव्हियातील सामी लोकांचा लाव्वू हा शंकूच्या आकाराचा डेरा असून त्याचा आधार म्हणजे टोकाशी बेचके असलेले तीन दांडे होत. ते एकमेकांत अडकवले, की त्यांच्यावर इतर दांडे रेलून ठेवता येतात आणि बाहेरून तणावे, म्हणजे मेखांना बांधायच्या दोऱ्या, लावण्याची गरज राहत नाही. त्याचा घेर रुंद आणि उतार बेताचा असल्यामुळे झाडझाडोरा नसलेल्या पठारावरील वाऱ्यातही तो टिकून राहतो, आणि मध्यभागी पेटवलेल्या विस्तवाचा धूर माथ्यावरील उघड्या जागेतून बाहेर जातो. सायबेरियाच्या ईशान्य टोकावरील चुक्ची लोकांनी याहून वेगळी युक्ती योजली. त्यांच्या यारांगा नावाच्या मोठ्या कातडी डेऱ्याच्या आत पोलोग ही केसाळ कातड्यांची एक बंदिस्त खोली टांगलेली असते. बाहेरच्या भागात स्वयंपाक आणि कामकाज होते, तर झोपण्यासाठी कुटुंब या आतल्या खोलीत जाते, आणि चरबीवर जळणाऱ्या दिव्याच्या व माणसांच्या शरीरांच्या उष्णतेने ती खोली उबदार राहते. डेऱ्याच्या आत दुसरा डेरा ही कल्पना, म्हणजेच वारा अडवणारे आवरण वेगळे आणि ऊब धरणारे आवरण वेगळे असावे हा विचार, युरोपीय संशोधकांना पुष्कळ उशिरा आणि पुष्कळ हाल सोसल्यानंतर सुचला. मात्र यारांगासारखा निवारा हलवायचा, तर रेनडिअर जुंपलेल्या अनेक घसरगाड्या लागतात, हेही विसरता येत नाही; त्याचा प्रशस्तपणा कळपाच्या आधारावर उभा होता.

याच परंपरेचा सैनिकी अवतार अमेरिकेत दिसतो. अमेरिकी लष्करातील अधिकारी हेन्री हॉपकिन्स सिबली याने मैदानी प्रदेशातील मूळ रहिवाशांचे टिपी डेरे पाहिले होते, आणि त्यांच्या आधारे रचलेल्या शंकूच्या आकाराच्या तंबूचे पेटंट त्याने १८५६ साली घेतले. सुमारे १८ फूट व्यासाच्या आणि १२ फूट उंचीच्या या तंबूला मध्यभागी एकच खांब असे, आणि तो जमिनीवर न रोवता लोखंडी तिवईवर टेकवलेला असल्यामुळे तिवईच्या पायांमधील मोकळ्या जागेत विस्तव करता येई. पुढे त्यात बसणारी शंक्वाकृती, बिनबुडाची लोखंडी शेगडीही आली आणि ती सिबलीच्याच नावाने ओळखली गेली. डझनभर सैनिक पाय विस्तवाकडे आणि डोके कनातीकडे करून त्यात चक्राकार झोपत. १८५७-५८ च्या हिवाळ्यात यूटा मोहिमेवर निघालेली अमेरिकी फौज रॉकी पर्वताच्या परिसरात, जळालेल्या फोर्ट ब्रिजरजवळ, बर्फात अडकून पडली, तेव्हा या तंबूंची कसोटी लागली आणि ते उपयोगी ठरले. त्या फौजेजवळ तंबू वाहण्यासाठी गाड्या होत्या आणि जाळण्यासाठी लाकूड मिळण्यासारखे होते. या दोन्हींवाचून सिबलीच्या रचनेचा काहीच उपयोग झाला नसता.

शेगडीच्या तंबूची ही परंपरा फिनलंडच्या लष्कराने सर्वांत पद्धतशीरपणे जोपासली. नोव्हेंबर १९३९ ते मार्च १९४० या काळातील सोव्हिएत-फिनिश युद्धात फिनिश सैनिकांची एक पूर्ण टोळी शेगडी असलेल्या एकाच तंबूत झोपू शके, आणि तंबू, शेगडी व सरपण हे सर्व घसरगाडीवर घालून स्कीवरील माणसे जंगलातून हलवत. झोपलेल्यांपैकी एकाने आळीपाळीने जागे राहून शेगडीकडे लक्ष ठेवायचे, हा त्या तंबूचा नियम असे, आणि या पहारेकऱ्यासाठी फिनिश भाषेत किपिनामिक्को हा खास शब्द रूढ आहे. ही व्यवस्था बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण मोठ्या तंबूची ऊब कापडातून मिळत नाही; कोणीतरी झोप मोडून ती राखावी लागते, आणि हे काम वाटून घेण्याइतकी माणसे तंबूत असली तरच ते परवडते. समोरच्या सोव्हिएत तुकड्यांपैकी अनेकांना उघड्यावर, शेकोट्यांभोवती रात्री काढाव्या लागल्या, आणि थंडीने त्यांची जी हानी केली, तीत निवाऱ्याच्या या अभावाचा वाटा मोठा होता.

दुसरी परंपरा, म्हणजे शेगडीविना राहण्याची आणि स्वतः ओझे ओढण्याची, ब्रिटिश आरमाराच्या आर्क्टिक मोहिमांत रुजली. सर जॉन फ्रँकलिन यांची १८४५ साली निघालेली मोहीम बेपत्ता झाल्यावर तिच्या शोधासाठी १८४८ पासून दहा-अकरा वर्षे अनेक जहाजे पाठवण्यात आली, आणि गोठलेल्या जहाजांपासून दूरचा किनारा धुंडाळण्यासाठी माणसांनी ओढायच्या घसरगाड्यांची पद्धत बसवण्यात आली. या पद्धतीचा प्रमुख शिल्पकार फ्रान्सिस लिओपोल्ड मॅक्लिंटॉक हा होता. १८५३ साली त्याने केलेला १०५ दिवसांचा प्रवास हा तिचा कळस मानला जातो. एक अधिकारी, सहा-सात खलाशी, एक घसरगाडी, एक चूल आणि एक राहुटी असा तिचा हिशेब होता. राहुटी हलक्या तागी कापडाची, दोन्ही टोकांना दांड्यांचा आधार दिलेली आणि बेताच्या उंचीची असे. खाली रबर चढवलेले जलरोधक कापड अंथरत, आणि त्यावर सारी मंडळी एकमेकांना खेटून, सामायिक पांघरुणाखाली झोपत. एका गाडीला जितकी माणसे जुंपायची तितक्यांचीच राहुटी, असे येथे आकाराचे गणित झाले, आणि ऐसपैस जागा हा विचार त्यात कोठेही नव्हता.

याच काळात हडसन्स बे कंपनीचा डॉक्टर जॉन रे हा मात्र राहुटीला फाटा देऊन, इनुइट लोकांकडून शिकलेल्या बर्फाच्या घरांत मुक्काम करत लहान तुकड्यांनिशी हिंडत होता, आणि फ्रँकलिनच्या माणसांचे काय झाले याची पहिली भरवशाची वार्ता १८५४ साली त्यानेच आणली. बर्फाच्या घराचे त्याने ओळखलेले मर्म असे, की उच्छ्वासातील ओल भिंती शोषून घेतात आणि दुसऱ्या दिवशी ते घर मागे सोडून देता येते. राहुटीच्या कापडावर गोठलेली ओल मात्र प्रवाशाला पुढच्या मुक्कामापर्यंत ओढून न्यावी लागते. आरमाराने या पद्धतीकडे पुरेसे लक्ष दिले नाही, आणि त्याची किंमत पुढील साठ वर्षे अनेकांनी मोजली, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

फ्रित्यॉफ नान्सेन याने १८८८ साली ग्रीनलंडचे हिमपठार प्रथमच आडवे ओलांडले, तेव्हा सहा माणसांसाठी त्याने एकच राहुटी घेतली होती. ती सुट्या भागांची असून भाग एकमेकांना नाड्यांनी बांधायचे होते, कारण अनुकूल वारा मिळाल्यास तेच कापड घसरगाड्यांवर शीड म्हणून लावण्याचा त्याचा बेत होता, आणि पठारावरून उतरताना तो प्रत्यक्षात उपयोगीही पडला. रेनडिअरच्या कातड्याच्या दोन झोपपिशव्या, प्रत्येकीत तिघे, एवढ्या अंथरल्या की राहुटी भरून जाई. मात्र नाड्यांच्या फटींतून पिठासारखा बारीक बर्फ आत येत राही आणि वादळानंतर पिशव्या त्याखाली झाकल्या जात, त्यामुळे राहुटीचा तळ आणि भिंती अखंड शिवलेल्या असाव्यात, हा धडा नॉर्वेजियन प्रवाशांनी कायमचा घेतला. इंग्रज प्रवाशांनी तो घेतला नाही, आणि दक्षिण ध्रुवाच्या शर्यतीत या दोन शिवणपद्धती समोरासमोर आल्या.

दरम्यान आल्प्स पर्वतात एक तिसरीच गरज निर्माण झाली होती. तेथे तुकडी लहान, वाट उभी आणि ओझे पाठीवर असे. एडवर्ड व्हिम्पर या तरुण इंग्रज लाकूडकोरक चित्रकाराने मॅटरहॉर्नच्या प्रयत्नांसाठी १८६० च्या दशकाच्या आरंभी बनवलेली राहुटी ही आधुनिक गिर्यारोहणातील राहुटीची पूर्वज होय. तिचा तळ सुमारे सहा फूट लांब-रुंद होता. दोन्ही टोकांना अॅश लाकडाच्या दांड्यांच्या कैच्या होत्या. आणि जलरोधक तळाचे कापड बाजूंनी वर वळवून भिंतींना शिवलेले असल्यामुळे खालून वारा शिरत नसे. दोरीसकट तिचे वजन साडेदहा किलोच्या आसपास भरे, आणि ती चौघांसाठी होती. १३ जुलै १८६५ रोजी, मॅटरहॉर्नच्या यशस्वी व शोकांतिकेत संपलेल्या चढाईच्या आदल्या रात्री, सात जणांच्या तुकडीपैकी व्हिम्पर, लॉर्ड फ्रान्सिस डग्लस आणि टाउगवाल्डर पिता-पुत्र असे चौघे या राहुटीत झोपले, तर उरलेल्यांनी आपखुशीने बाहेर उघड्यावर झोपणे पसंत केले. व्हिम्परची रचना पुढे अर्धशतकाहून अधिक काळ वापरात राहिली. तिला आव्हान दिले ते आल्बर्ट ममरी याच्या रेशमी राहुटीने. ती खांबांऐवजी बर्फकुऱ्हाडींवर उभी राही आणि तिचे वजन जेमतेम दीड-दोन किलो असे, पण आत सरपटत जावे लागे आणि दोघेही अवघडून झोपत. हलकेपणाचा तो टोकाचा प्रयोग होता. तुकडीच्या सामायिक वास्तव्याशी त्याचा संबंध नव्हता.

ध्रुवप्रदेशातील राहुटीचा खरा इतिहास मात्र मनोऱ्यासारख्या निमुळत्या, बांबूच्या राहुटीभोवती फिरतो. रॉबर्ट फाल्कन स्कॉट याच्या डिस्कव्हरी मोहिमेपासून (१९०१-०४) रूढ झालेल्या या राहुटीत माथ्याशी एकत्र बांधलेले लांब बांबू फाकवून उभे करत, त्यांवरून एकसंध कापड ओढत, आणि कापडाच्या खालच्या कडेला शिवलेली रुंद झालर बर्फावर पसरून तिच्यावर बर्फाचे ढीग रचत. येथे मेखांचे काम ढिगांचे वजनच करते, आणि बर्फ जितका जास्त लोटावा तितकी राहुटी घट्ट बसते. कोरड्या, भुसभुशीत बर्फात मेख धरत नाही, या अडचणीवरचा हा अत्यंत शहाणा उपाय होता. प्रवेशासाठी दार नसून कापडाची एक नळी असे, ती आतून पिळून बांधली की बर्फ आत येत नसे. तळ वेगळा अंथरायचा असल्यामुळे आत साचलेला बर्फ झटकणे सोपे जाई आणि जमिनीवरच चूल मांडता येई. उंची माथ्याजवळ पुरेशी असल्यामुळे ओले मोजे आणि हातमोजे वर टांगून वाळवता येत, आणि ज्यांनी आठवडेच्या आठवडे असे जीवन काढले, त्यांच्या लेखी ही सोय तळाच्या क्षेत्रफळाहून मोलाची होती. राहुटी प्रशस्त आहे की नाही, हे तेथे अशा गोष्टींवरून ठरे.

या रचनेचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा दोन्ही १९११ च्या अंटार्क्टिक हिवाळ्यात उघड झाल्या. स्कॉटच्या पुढच्या मोहिमेतील एडवर्ड विल्सन, हेन्री बॉवर्स आणि ॲप्सली चेरी-गॅरार्ड हे तिघे एम्परर पेंग्विनची अंडी मिळवण्यासाठी केप क्रोझिअरला गेले, तेव्हा तापमान शून्याखाली ६० अंश सेल्सियसपर्यंत उतरले, आणि त्यांच्या राहुटीत आता एक आतले अस्तरही होते, म्हणजे चुक्ची लोकांना पूर्वापार ठाऊक असलेली दुहेरी भिंत अखेर तेथे आली होती. तरीही उच्छ्वास व घाम गोठून झोपपिशव्यांत साचत गेला आणि परतीपर्यंत त्यांचे वजन दुपटीहून अधिक झाले. जुलैच्या अखेरच्या पंधरवड्यात वादळाने त्यांची राहुटीच उचलून नेली. वादळ शमल्यावर ती सुमारे अर्ध्या मैलावर, उताराच्या पायथ्याशी, जवळजवळ अखंड सापडली. माथ्याशी बांधलेले बांबू वाऱ्याने उचलताना आपोआप मिटले होते, म्हणून कापड फाटले नाही, असा अंदाज करण्यात आला. ती सापडली नसती, तर तिघांपैकी कोणीही परतले नसते.

एका राहुटीत किती माणसे, या प्रश्नाचे सर्वांत गंभीर प्रकरण याच मोहिमेत, सहा महिन्यांनी घडले. स्कॉटची सारी व्यवस्था चौघांच्या हिशेबाने बांधलेली होती: राहुटी चौघांची, शिधा चौघांच्या आठवड्याचा बांधलेला, चूल व भांडी चौघांची, आणि तळाचे अंथरूणही चौघांच्या मापाचे. जानेवारी १९१२ च्या आरंभी शेवटची साहाय्यक तुकडी परत पाठवताना त्याने स्वतःसह पाच जणांनी पुढे जाण्याचे ठरवले, आणि एडवर्ड इव्हान्स, लॅशली व क्रीन हे तिघेच मागे वळले. दोनच दिवसांत त्याने रोजनिशीत नोंदवले, की पाच जणांचा स्वयंपाक करण्यास चौघांपेक्षा बराच अधिक वेळ, दिवसाला सुमारे अर्धा तास, लागतो, आणि हे आधी लक्षात आले नव्हते. अर्धा तास ही किरकोळ बाब वाटू शकते; पण तो अर्धा तास जळणाऱ्या इंधनाचाही होता, आणि चालण्याच्या किंवा झोपण्याच्या वेळेतून कापला जाणारा होता. चेरी-गॅरार्डने १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की अस्तर लावल्यावर राहुटीतील जागा आणखी आकसली असणार, कडेच्या दोघांच्या पिशव्या अंथरुणाबाहेर बर्फावर आणि दव गोठलेल्या अस्तराला टेकून पडल्या असणार, आणि त्यामुळे त्या अधिक ओल्या झाल्या असणार. स्कॉटच्या तुकडीचा अंत अनेक कारणांनी झाला आणि राहुटीवर तो ढकलणे योग्य नाही; तथापि चौघांच्या निवाऱ्यात पाचवा माणूस सामावून घेता येतो, ही समजूत किती महाग पडते, याचे याहून स्पष्ट उदाहरण हिमप्रवासाच्या इतिहासात नाही.

त्याच मोसमात नॉर्वेजियन रोआल्ड अमुंडसेन आणि त्याचे चार सहकारी १४ डिसेंबर १९११ रोजी ध्रुवावर पोहोचले होते. त्यांची राहुटी एकाच खांबाची होती आणि तिचा तळ भिंतींना शिवलेला होता. तळ पसरून कोपरे बांधायचे, आत शिरायचे आणि खांब उभा करायचा, एवढ्यात ती तयार होई, आणि वाऱ्यातही एकटा माणूस ती उभारू शके. कापडाला गडद रंग दिल्यामुळे सतत उजेड असणाऱ्या त्या मोसमात डोळ्यांना विश्रांती मिळे, उन्हाची ऊब शोषली जाई आणि पांढऱ्या पठारावर राहुटी दुरूनही दिसे. ध्रुवावर त्यांनी मागे ठेवलेली छोटी जादा राहुटी याच पद्धतीची होती, आणि स्कॉटची तुकडी १८ जानेवारी १९१२ रोजी तिच्यापर्यंत पोहोचली. दोन्ही रचनांची तुलना केली, तर उंच, जड आणि दुहेरी राहुटी दीर्घ मुक्कामाला चांगली, तर शिवलेल्या तळाची एकखांबी राहुटी रोज उठून चालणाऱ्यांना चांगली, असा निष्कर्ष निघतो. इंग्रजांनी पहिली घेऊन दुसऱ्या प्रकारचा प्रवास केला.

सरळ दांड्यांऐवजी वाकवलेल्या कमानी वापरण्याचा प्रयत्नही याच काळात झाला. ब्रिटिश ध्रुवसंशोधक शॅकल्टन याच्या एन्ड्युरन्स मोहिमेत जॉर्ज मार्स्टन या चित्रकाराने कमानीच्या राहुट्या रचल्या होत्या, आणि ऑक्टोबर १९१५ मध्ये जहाज सोडावे लागल्यावर २८ माणसे पाच राहुट्यांत, त्यांपैकी काही कमानीच्या, तरंगत्या बर्फावर महिनोन्महिने राहिली. सर्वांत मोठ्या राहुट्यांत आठ-आठ जण कोंबलेले होते. कोणाला कोणाबरोबर ठेवायचे, याची विभागणी शॅकल्टनने स्वतः विचारपूर्वक केली, आणि कुरकूर करणाऱ्या माणसांना आपल्या देखरेखीखाली घेतले. राहुटीचा आकार ठरवताना तीत राहणाऱ्यांचे स्वभावही मोजावे लागतात, ही गोष्ट त्याला जितकी कळली, तितकी त्याच्या समकालीनांपैकी थोड्यांनाच कळली.

सोव्हिएत संघाने हा प्रश्न विमानाच्या बळावर सोडवला. २१ मे १९३७ रोजी उत्तर ध्रुवाजवळच्या तरंगत्या हिमखंडावर उतरलेले इव्हान पापानिन, एर्न्स्ट क्रेंकेल, प्योत्र शिर्शोव्ह आणि येव्हगेनी फ्योदोरोव्ह हे चौघे २७४ दिवस ज्या घरात राहिले, ते धातूच्या नळ्यांच्या सांगाड्यावर ताणलेले, आयडर पक्ष्यांच्या पिसांचे थर भरलेले तंबूघर होते. पाठीवर किंवा गाडीवर असे घर वाहणे अशक्यच. पण विमानातून ते सहज आले. त्यापाठोपाठ शापोश्निकोव्ह या रचनाकाराचा अर्धगोलाकृती, हलक्या धातूच्या कमानींचा, दुहेरी आवरणाचा तंबू सोव्हिएत तरंगत्या केंद्रांवर सर्रास वापरला जाऊ लागला. घुमटाकार तंबूत भिंती जमिनीजवळ जवळपास उभ्या असल्यामुळे कडेपर्यंत बसता-झोपता येते, आणि तेवढ्याच कापडात शंकूपेक्षा अधिक उपयोगी जागा मिळते. येथून पुढे प्रशस्तपणाची किंमत कमी होऊ लागली.

ऊब आणि बंदिस्तपणा यांच्याबरोबर एक धोका मात्र कायम राहिला. स्टोव्ह किंवा इंजिन बंद जागेत अपुऱ्या हवेवर जळले, की कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, गंधहीन वायू तयार होतो, आणि बर्फाच्या वादळात वायुवीजनाची भोके बुजली तर माणसे झोपेतच दगावतात. राहुटी जितकी उत्तम शिवलेली, तितका हा धोका जास्त, असे त्याचे विपरीत गणित आहे. भारतीय अंटार्क्टिक कार्यक्रमाला याचा दारुण अनुभव आला. नवव्या मोहिमेतील भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे तीन शास्त्रज्ञ आणि नौदलाचा एक संदेशवहन तंत्रज्ञ ८ जानेवारी १९९० रोजी हुम्बोल्ट पर्वतातील आपल्या छावणीत याच वायूने मृत्युमुखी पडले, आणि तेथील स्मृतिफलक अंटार्क्टिक कराराच्या ऐतिहासिक स्थळांच्या यादीत समाविष्ट आहे. १९८४ पासून सियाचेन हिमनदीवर तैनात असलेल्या भारतीय सैनिकांनाही रॉकेलच्या स्टोव्हची काजळी आणि धूर यांच्याशी वर्षानुवर्षे झगडावे लागले, आणि तेथे कापडी तंबूंच्या जोडीला हेलिकॉप्टरने सुटे भाग नेऊन उभारलेल्या फायबरग्लासच्या खोपट्या आल्या, त्यामागे वारा व हिमभार यांच्याइतकाच निरोगी हवेचा विचार होता.

पाठीवरून नेता येईल असा घुमट शक्य झाला तो नायलॉन, फायबरग्लास आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंमुळे. अमेरिकेत बिल मॉस याने १९५५ साली लवचीक दांड्यांचा घुमटाकार तंबू बाजारात आणला. बकमिन्स्टर फुलर याने १९५४ साली पेटंट घेतलेल्या भूमितीय घुमटात त्रिकोणांच्या जाळ्यामुळे भार सर्व दांड्यांवर विभागला जातो. या तत्त्वावर १९७५ साली द नॉर्थ फेस या कंपनीने ओव्हल इन्टेन्शन हा तंबू केला, आणि एकमेकांना छेदणाऱ्या दांड्यांची ती पद्धत हिमालयातील तळछावण्यांत सर्वत्र पसरली. तिचे महत्त्व वाऱ्याच्या गणितात आहे: वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो, आणि मोठ्या, सपाट भिंतीवर तो सारा एकवटतो. छेदणाऱ्या दांड्यांनी भिंतीचे लहान तुकडे पाडले, की मोठा घुमटही तो पेलू शकतो. त्याच दशकात स्वीडनमध्ये, १९७१ साली स्थापन झालेल्या हिलेबर्गसारख्या उत्पादकांनी, समांतर कमानींचे बोगद्यासारखे तंबू विकसित केले. त्यांत बाहेरचे व आतले आवरण एकदमच उभे राहते आणि पुढे लांब पडवी मिळते. त्या पडवीत बर्फ खणून गुडघाभर खड्डा केला, की पाय खाली सोडून खुर्चीसारखे बसता येते, थंड हवा खड्ड्यात उतरते आणि स्टोव्ह झोपण्याच्या जागेपासून दूर राहतो. चौघांसाठीचा असा तंबू आज पाच किलोच्या आसपास असतो, म्हणजे व्हिम्परच्या चौघांच्या राहुटीच्या निम्म्या वजनाचा.

एवढे असूनही ब्रिटिश अंटार्क्टिक सर्वेक्षणाच्या क्षेत्रीय तुकड्या स्कॉटच्याच आकाराची, दुहेरी कापडाची, झालरीवर बर्फ लोटून बसवायची मनोरा-राहुटी आजही वापरतात. तिचे ओझे आता यंत्रचालित घसरगाड्या ओढतात आणि तीत बहुधा दोघेच राहतात. हिमालयातील मोठ्या मोहिमा तळछावणीवर आठ-दहा माणसे उभी राहू शकतील असा सामायिक घुमट जेवण व बैठकीसाठी लावतात, झोपण्यासाठी मात्र दोघा-दोघांच्या लहान राहुट्या वेगळ्या ठेवतात, आणि तळाच्या वर गेल्यावर तो घुमट खालीच राहतो. बोगद्यासारखा तंबू घेणाऱ्या स्की-प्रवाशांनी तोंड वाऱ्याच्या रेषेत धरून तो उभारायचा असतो, आणि वारा फिरण्याची भीती असेल तेथे बाजूला बर्फाच्या विटांची कंबरभर भिंत रचायची असते. उत्पादक ज्या तंबूला चौघांचा म्हणतात, त्यात जाड झोपपिशव्या, ओले बूट आणि वादळात आत घ्यायचे सामान धरून हिवाळ्यात तिघांनीच राहावे, असा अनुभवी प्रवाशांचा दंडक आहे, आणि १९१२ च्या नोंदी वाचलेल्या कोणालाही त्याचे कारण वेगळे सांगावे लागत नाही.